लेस लावलेला रुमाल

केमोसाठी थांबलो होतो. मागच्या बाकावर मायलेकी होत्या.

"रविवारी चर्चला येशील ना आई?"

"नको गं."

"का, केस गेले म्हणून? डोक्याला रुमाल तर तू जन्मभर बांधलास. मी बांधला नाही म्हणून वर्षभर माझ्याशी बोलली नाहीस."

"तेव्हा खाली केस होते. प्रार्थनेला डोकं झाकायचं, म्हणून झाकत होते. आता बांधला की सगळ्यांना वाटतं, बाई टक्कल लपवतेय."

"देवाला कळतं की."

"देवाला कळतंच. तुलाही कळावं, तूही बांधावास, म्हणून बांधत होते."



"माझ्यासाठी शिवलेला, लेस लावलेला, तो आहे का गं अजून?"

"आहे. पण लहानपणीचा तो. आता नाही बसायचा तुला."