आयुधपूजेला उघडलेली जीप

चेन्नईत जुनी जीप असेल, तर एक सांगतो, आयुधपूजेच्या, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती उघडू नका. मी उघडली! दसऱ्याला सगळ्यांना घेऊन तंजावरला जायचं होतं, आणि वळताना पुढच्या चाकांतून कटकट आवाज येत होता. म्हणून सकाळीच पुढच्या ॲक्सलचे जॉइंट सोडवले, डिझेलने धुतले, नवं ग्रीस ठासून भरलं. चहा पिऊन परत बसवायला खाली येतो, तर पाने-पक्कड गायब!

माझे सासरे तंजावरी मराठी, मैलापुरात वाढलेले. त्यांनी हत्यारांचा ट्रे उचलून सगळं देवापुढे मांडलं होतं.

"बाबा, अर्ध्या तासात परत आणतो."

"पूजा झाली, जावई. आता उद्या सकाळपर्यंत हत्यारांना हात लावायचा नाही."

"मग तंजावरला कसं जायचं?"

"हत्यारं उठली की जाऊ."

बायको प्रसादाचे चुरमुरे खात हसत होती. मी दिवसभर धुसफुसत राहिलो.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी ताट माझ्या हातात दिलं. पान्यांच्या शेजारी एक पितळी वॉशर, त्याला छान गंध-कुंकू. मी तो उचलून पाहिला. तो जॉइंटच्या मागे बसतो, आणि मी काल तो विसरून त्याच्याशिवायच सगळं आवळणार होतो!

"बाबा, हे हत्यार नाही, जीपचा भाग आहे!"

"मला काय ठाऊक? ट्रेमध्ये होतं, कुंकू लावलं."

तंजावरपर्यंत जीपने हूं की चूं केलं नाही. आता ग्रीस बदलायचं म्हटलं की सुटे भाग मी आधी सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवतो. देवाचं माहीत नाही, पण त्यांच्या कुंकवातून एकही वॉशर सुटत नाही.