पान ८४ वरचा छज्जा

वय ६४ वर्षे. व्यवसाय : तंत्रनिकेतनातील स्थापत्य विभागाच्या निवृत्त अधिव्याख्याता, पाठ्यपुस्तकांचे लेखन चालू. राहणार : तंत्रनिकेतनामागची गल्ली, वरचा मजला. विद्यार्थ्यांत 'शुद्धिपत्रबाई' या नावाने परिचित. (हे लिहू नका असे मी सांगितले. अंमलदार म्हणाले, ओळख पटण्यासाठी लागते.)

मला कोणी पकडून आणलेले नाही. मी हवालदारांच्या पुढे चालत ठाण्यात आले आणि विचारल्याप्रमाणे पुढील हकीकत माझ्या तोंडाने सांगते, ती अशी :

स्थापत्य पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी मी 'सळई कोठे ठेवावी' हे पुस्तक लिहिले आहे. काँक्रीटच्या कामात लोखंडी सळई कोणत्या बाजूला, किती अंतरावर आणि किती खोल ठेवायची, एवढाच त्याचा विषय. एकोणीस वर्षांत आठ आवृत्त्या निघाल्या. जाडजूड ग्रंथ डोक्यावरून जायला लागले की मुले या पुस्तकाकडे वळतात आणि परीक्षा झाल्यावरही ते विकत नाहीत, कामावर नेतात. हे मी आजवर अभिमानाने सांगत असे.

चौकापलीकडे नवीन अभ्यासिकेची इमारत पूर्ण होत आली आहे. तेथील सुपरवायझर माझा जुना विद्यार्थी असून त्याचे वय ३२ आहे. आज सकाळी साडेसात वाजता त्याने मोबाइलवर चार फोटो पाठवले व सोबत लिहिले, 'बाई, आज चारला उद्घाटन. यायचंच. दारावरचा छज्जा पूर्ण तुमच्या पुस्तकाप्रमाणे केलाय.' तिसरा फोटो काँक्रीट ओतण्यापूर्वीचा होता. त्यात सळयांची जाळी फळ्यांना जवळजवळ चिकटून, म्हणजे छज्ज्याच्या तळाशी ठेवलेली दिसत होती. मी चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला. जाळी तळाशीच होती.

छज्जा भिंतीतून बाहेर येतो, पुढे त्याला आधार नसतो. स्वतःच्या वजनाने तो खाली वाकू पाहतो, त्यामुळे त्याची वरची बाजू ताणली जाते. काँक्रीट दाब कितीही सोसते, ताण सोसत नाही. तो ताण सळईने घ्यायचा, म्हणून छज्ज्यात मुख्य सळई वर लागते. अंमलदारांना हे पटेना, म्हणून मी त्यांच्या टेबलावरचे खोडरबर घेतले, वरून ब्लेडने चीर दिली आणि एक टोक घट्ट धरून दुसरे खाली दाबले. चीर उघडली. तीच बाजू खाली करून दाबल्यावर चीर मिटली. अंमलदार म्हणाले, "हे जबाबात लिहायचं का?" लिहा, असे मी सांगितले. त्यांनी स्वतःही दोनदा दाबून पाहिले.

मी सुपरवायझरला लगेच फोन केला. छज्ज्याखालचे टेकू कधी काढणार, असे विचारले.

"नऊला, बाई. सेंट्रिंगवाले येतायत."

"हात लावू देऊ नकोस."

"का हो बाई? काही चुकलं?"

"मी येतेय," एवढे सांगून मी निघाले. चहा अर्धा राहिला. घरापासून अभ्यासिका एरवी वीस मिनिटांवर आहे. आज बारा मिनिटांत पोहोचले.

मी पोहोचले तेव्हा सात पन्नास झाले होते. सेंट्रिंगच्या, म्हणजे फळ्या-टेकू लावणाऱ्या आणि काढणाऱ्या, माणसांना पुढे दुसरे काम असल्याने ती लवकर आली होती. छज्जा चार मीटर लांब, दीड मीटर बाहेर. त्याखाली सहा-सहा टेकूंच्या दोन रांगा. बाहेरच्या रांगेतील दोन टेकूंच्या पाचरी काढून झाल्या होत्या व तिसऱ्यावर हातोडा पडत होता. सुपरवायझर त्यांना थांबा म्हणत होता, पण कारण सांगता येत नसल्याने कोणी ऐकत नव्हते. मी कारण सांगितले. "वर सुमारे दोन टन आहेत आणि ते धरायला काही नाही." ते बाजूला झाले. मी दोन्ही पाचरी पुन्हा ठोकून घेतल्या.

नंतर मी शिडीवर चढले. शिडी सुपरवायझरने धरली. छज्ज्याच्या वर, भिंतीलगत, डावीकडून हातभर लांब अशी केसाएवढी चीर आली होती. चीर ताजी होती, तिच्यात अजून धूळही बसली नव्हती. दोन टेकू सैल झाले तर हातभर. बारा निघाल्यावर काय झाले असते, याचे गणित मी शिडीवरच केले. येथे देण्याची गरज नाही. दुपारी चार वाजता त्या छज्ज्याखाली नाव नोंदवलेल्या साठ विद्यार्थ्यांची रांग लागणार होती.

खाली उतरून मी सुपरवायझरला विचारले, "अरे, सळई खाली ठेवताना डोकं कुठे होतं तुझं?"

त्याने पिशवीतून माझे पुस्तक काढले. सहावी आवृत्ती, कडा काळ्या पडलेल्या. पान ८४ उघडून दाखवले. छज्ज्याची आकृती बरोबर होती, सळई वर होती. मी म्हणाले, "मग?"

त्याने पहिल्या पानावर चिकटवलेली चिठ्ठी दाखवली. तिच्यावर छापले होते : 'शुद्धिपत्र. पान ८४ वरील आकृती उलटी छापली गेली आहे. वरची बाजू खाली समजून वाचावी.' खाली माझी सही, छापील.

ही चिठ्ठी मी पाचव्या आवृत्तीसाठी लिहिली होती. त्या आवृत्तीत आकृती खरोखर उलटी छापली गेली होती. सहाव्या आवृत्तीत आकृती सुलट झाली आणि चिठ्ठी तशीच राहिली. म्हणजे चिठ्ठी न वाचणाऱ्याचा छज्जा बरोबर होईल आणि वाचणाऱ्याचा चुकेल. वर्गात माझा नियम होता की शुद्धिपत्र वाचल्याशिवाय पुस्तक उघडायचे नाही. नियम मोडणाऱ्याला मी बाहेर उभे करीत असे. या विद्यार्थ्याला दोन वेळा उभे केले होते.

मी त्याला विचारले, "काहीतरी उलटं होतंय असं वाटलं नाही तुला?"

"वाटलं होतं, बाई. पण चिठ्ठीवर तुमची सही आहे."

"मग फोन करायचास."

"केला असता. पण तुम्ही पहिलं हेच विचारलं असतंत, शुद्धिपत्र वाचलंस का."

हे खरे आहे. मी हेच विचारले असते.

साडेआठ वाजता ठेकेदार आले. टेकू अजून उभे का, म्हणून त्यांनी आवाज चढवला. मी फोटो दाखवला. त्यांनी तो पाहिला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही फोटो उलटा धरलाय."

मी म्हणाले, "मग ही तुमची माणसं डोक्यावर उभी आहेत का?"

सेंट्रिंगवाले हसले. त्यामुळे ठेकेदार जास्त चिडले. "वयाचा मान ठेवून सांगतोय, शाळा संपली तुमची. चारला पाहुणे येतायत. काढा रे टेकू." यावर मी छिन्नी आणि हातोडा घेऊन पुन्हा वर चढले आणि भिंतीलगत वरून खाच पाडली. सळई असती तर अडीच सेंटिमीटरवर लागली असती. मी पाच सेंटिमीटर खोल गेले. काँक्रीटशिवाय काही लागले नाही. काँक्रीट उत्तम होते, हेही नोंदवावे. काम कुठेही वाईट केलेले नव्हते, फक्त सळई खाली होती. ठेकेदारांच्या तक्रारीत 'बांधकामाची नासधूस' असे जे म्हटले आहे ती ही खाच. ती मीच पाडली. टेकू उभे असताना तिच्यापासून धोका नव्हता.

ठेकेदारांनी खाचेत बोट घालून पाहिले. मग मोबाइलवर कोणाशी तरी बोलून आले आणि पुन्हा टेकू काढायला सांगितले. तेव्हा मी कार्यालयाच्या खोलीतली खुर्ची आणली, टेकूंच्या दोन रांगांच्या मधोमध टाकली आणि बसले. छज्जा माझ्या डोक्यावर बरोबर मधोमध होता. 'कामात अडथळा' असे तक्रारीत जे लिहिले आहे ते हेच. आठ पन्नास ते नऊ पस्तीस मी तेथे बसून होते. कोणाच्याही अंगाला हात लावला नाही, कोणाला अपशब्द बोलले नाही. ठेकेदारांना 'तुम्ही माझ्या वर्गात असतात तर पहिल्याच चाचणीत नापास केलं असतं' असे म्हणाले, ते मागे घेत नाही.

सुपरवायझर आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. मी त्याला बाहेर जा म्हणाले. गेला नाही. त्याने माझे न ऐकण्याची ही पहिलीच वेळ.

नऊ पस्तीसला हवालदार आले. मी त्यांना एकच अट घातली की त्यांचा एक माणूस छज्ज्यापाशी थांबेल आणि टेकूला कोणी हात लावणार नाही. त्यांनी शिपाई ठेवला. मग मी उठले.

ठाण्यातून मी माझ्या धाकट्या दिरांना फोन केला. पुस्तक त्यांच्या छापखान्यात छापले जाते. अंमलदारांच्या सांगण्यावरून फोनचा आवाज सर्वांना ऐकू येईल असा ठेवला.

"भावजी, पान चौऱ्याऐंशीची आकृती सरळ कधी केलीत?"

"सहाव्या आवृत्तीला. तुम्हीच तर डोकं खाल्लं होतंत माझं, वहिनी."

"मग चिठ्ठी का चिकटवत राहिलात?"

"बंद करा असं कुठे म्हणालात? तुम्ही म्हणाला होतात, एक जरी प्रत चिठ्ठीशिवाय बाहेर गेली तर तुमचं तोंड बघणार नाही. आठवी आवृत्ती संपत आली, एकही सुटलेली नाही. दोन बायका खास त्यासाठी ठेवल्यात."

त्यांच्या आवाजात समाधान होते. अंमलदारांनी तोंडावर रुमाल धरला. मी आज सकाळपर्यंत सहाव्या आवृत्तीचे पान ८४ उघडलेले नव्हते. शिकवताना माझ्या हातात पहिली आवृत्ती असे. नवीन प्रत आली की मी फक्त चिठ्ठी जागेवर आहे ना, एवढे पाहत असे.

अकरा वाजून वीस मिनिटांनी बांधकाम खात्याच्या अभियंत्यांनी छज्जा पाहिला आणि ठाण्यात फोन करून कळवले की सळई तळाशी आहे, चीर वाढण्याजोगी आहे, टेकू काढल्यास छज्जा उभा राहणार नाही. त्यांनी प्रवेशद्वार बंद केले असून छज्जा वरून तोडून उतरवायला सांगितले आहे. हे ऐकून अंमलदारांनी लेखणी खाली ठेवली आणि माझ्यासाठी पाणी मागवले. मी ते सगळे प्यायले.

त्यानंतर बाहेरच्या बाकावर ठेकेदार माझ्याजवळ आले. म्हणाले, "बाई, मी तक्रार मागे घेतो. छज्जा तोडून नवा घालतो. तुमचं नावसुद्धा कुठे येऊ देत नाही. फक्त सुपरवायझरनं स्वतःच्या मनानं सळई ठेवली, एवढं लिहून द्या. तरुण आहे, त्याला दुसरीकडे काम मिळेल."

मी म्हणाले, "माझं नाव पुस्तकावर आधीच छापलंय."

याबाबत माझे म्हणणे असे. इमारतीच्या नकाशात छज्जा नव्हता. तो मागाहून ठरला आणि अभियंत्याकडून नकाशा न घेता ठेकेदारांनी सुपरवायझरला 'पुस्तकात बघून कर' असे सांगितले. त्याने पुस्तकात बघून केले. पुस्तकात मी 'सळई ताणाच्या बाजूस ठेवावी' असे लिहिले आहे, 'वर ठेवावी' असे सरळ लिहिलेले नाही, कारण मुलांनी विचार करावा असे मला वाटत होते. विचार करून त्याच्या मनात आलेली शंका मी सही केलेल्या चिठ्ठीने दाबली.

आकृती सुलट असूनही चिठ्ठी असलेल्या, म्हणजे सहावी ते आठवी अशा तीन आवृत्त्यांच्या मिळून सुमारे तीन हजार तीनशे प्रती बाहेर आहेत. मी जबाब देत असताना सुपरवायझर बाकावर बसून त्याच्या आणि पुढच्या वर्गांच्या मुलामुलींना एकामागून एक फोन करीत आहे. आतापर्यंत एकेचाळीस जणांशी बोलणे झाले. बहुतेक म्हणाले की त्यांच्याकडे नकाशा होता, पुस्तक पेटीत होते. एकाने विचारले, बाई रागावल्यात का. सव्वाबारा वाजता एका मुलीने कामावरून सांगितले की ती बांधत असलेल्या दवाखान्याच्या बाल्कनीच्या सळया खाली बांधून झाल्या आहेत आणि काँक्रीट दोन वाजता आहे. सुपरवायझर फोन कानाला लावूनच आत आला. मी त्याच्याकडून फोन घेतला.

ती म्हणाली, "बाई, मिक्सर बंद केलाय. सळया सोडवून वर घेतेय. तुम्ही फोनवरच थांबा."

मी थांबले. त्या वीस मिनिटांत हा जबाब पुढे लिहिला गेला नाही. बारा सदतीसला तिने फोटो पाठवला. अंमलदारांनी तो सगळ्यांच्या आधी पाहिला आणि म्हणाले, "आता वर आहे." बरोबर आहे, असे मी सांगितले.

माझी विनंती : टेकूंपाशी ठेवलेला शिपाई छज्जा उतरेपर्यंत हलवू नये. मला लवकर सोडावे, अजून पुष्कळ फोन करायचे आहेत.

अंमलदारांनी जबाब मला पहिल्यापासून वाचून दाखवला आणि मी तो स्वतःही वाचला. अभियंत्यांच्या परिच्छेदाखाली 'सुपरवायझरच्या चुकीमुळे' असे शब्द लिहिले गेले होते. ते मी बोललेले नाहीत. ते खोडून 'माझ्या चुकीमुळे' असे घातले आणि शेजारी सही केली, हाताने. बाकी जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिलेला आहे.