जाग्यावरच्या गाडीची ड्रायव्हरीण

माझं माहेर कोयनानगरच्या अंगाला, तिथली भुई कवाबी हलायची, भांडी वाजली की आय आमा दोघी भणींला बकोट धरून अंगणात वडायची, आणि लगीन होऊन इकडं कुंडलच्या मळ्यात आले तर काय सांगू तुमाला, हितली भुई हलत न्हाई आणि तवापास्नं मी बी न्हाई. गावाबाहेर वस्ती, यष्टी लांब, कुठं जायचं तर मालकांनी न्यायचं. त्यांची वडापाची जीप, कुंडल ते पलूस भाड्याच्या फेऱ्या, माणसं मागं लोंबकळत जायाची, पण घरच्या बाईला जागा न्हाई.

मी तवा लय शहाणी. स्टेरिंग ढिलं झालं की मालक गाडीखाली जायाचे आणि मला वर बसवायचे, इंजन बंद, चाक नुसतं डावी-उजवी थोडं थोडं हलवत ऱ्हायाचं, ते खाली एकेका सांध्यावर हात ठेवून बघायचे ढील कुठं हाय. तर ही बया त्यासाठी पदर नीट करायची, कुंकू ठीक करायची, बांधावरनं जाणाऱ्याला दिसावं म्हणून मान ताठ. शेजारणीला सांगून टाकलं, मला बी गाडी येती. ती म्हणाली मग मला बाजाराला ने की, तर मी म्हटलं आज डिझेल न्हाई. एकदा मालकांस्नी म्हटलं, आता चालू करून शिकवा, तर म्हणाले, बरी हाईस तिथंच बस. बसले की. उभी हयात जाग्यावरच्या गाडीची ड्रायव्हरीण.

आता मालकांचे गुडघे गेले, वडाप बंद, जीप दारात. पोरगा संजय पुण्याला नोकरीला, सून रुपाली आमच्यापाशी, तिच्याकडं लायसन हाय, तेच आमचे पाय. आणि तिकडं कोयनेला माझी भण शांती अंथरुणाला खिळली, फोनवर म्हणायची, आक्का, तोंड दाखव एकदा. मी येते म्हणायची आणि फोन ठेवून भिताडाकडं बघत बसायची. कारण स्टेरिंग परत ढिलं झालेलं. रुपाली म्हणाली, आत्याबाई, मी चाक फिरवते आणि गाडी इचार करून मग वळती, हिला घेऊन घाटात न्हाई जायाची मी. पलूसच्या एका मिस्त्रीनं खाली न बघताच स्टेरिंगच्या डब्याचा स्क्रू आवळून दिला, तर ढील तशीच, वर चाक एवढं जड झालं की वळणावरनं सरळ व्हायलाच तयार न्हाई. संजयचा फोन आला, भंगार झालीया, इकून टाका, रविवारी माणूस येतोय बघायला. झालं. जीप गेली की आमी तिघं मळ्यातली बुजगावणी.

रुपाली डेअरीला दूध घालाय गेलती, न्हाईतर तिनं करू दिलं नसतं. मी म्हटलं, आवं, एकदा बघूया की. मालक म्हणाले, मला वाकाय येतंय व्हय. म्हटलं, तुमी वर बसा, मी जाते खाली.

चाकामागं धोंडं लावलं, पोतं हातरलं, लुगड्याचा काचा घट्ट मारून गाडीखाली सरकले. मालक चाक हलवाय लागले. मी डब्यापास्नं हात ठेवत गेले, हे घट्ट, हे बी घट्ट, आणि डाव्या चाकाजवळच्या सांध्यावर हात ठेवला तर दांडी आधी हलती आणि चाक मागनं जागं हुतंय, बोटाला टकटक लागतीया. घावलं. त्या आनंदात कुशीवर झाले आणि लुगडं दांडीत अडकलं. मालक आपले हलवतायत, लुगडं वडतंय, मी वरडतीया आवं थांबा, आवं, तर त्यांचे कान गुडघ्यांच्या आधी गेलेले. अंगावर गाडी, हलाय जागा न्हाई. जन्मात धन्याचं नाव घेतलं ते उखाण्यात, पण हितं उखाणा कुठला सुचतोय.

वरडले, "जोतीराम, थांबा."

चाक थांबलं. मालकांनी दारातनं मान भाईर काढली. मग हळूच म्हणाले, "एकदा परत म्हण की."

रुपालीनं येऊन कात्रीनं सोडवलं मला, आणि हसून हसून पायरीवर बसली. त्याच मिस्त्रीला बोलावलं, त्यानं सांधा खोलला तर आतली गोळी झिजून गेलेली. नवा सांधा घातला, डब्याचा आवळलेला स्क्रू परत पहिल्यावानी सैल केला, पुढची चाकं एका रेघेत घेतली, आणि गाडी सुतावानी सरळ. रुपालीनं आनंदानं संजयला फोन लावला, तर तो म्हणाला, लय बेस झालं, आता गिऱ्हाईक नाव ठेवणार न्हाई. बघा आता, मी लुगडं फाडून घेतलं ते गिऱ्हाइकासाठी. त्या सांजला आमच्यात कोण धड जेवलं न्हाई.

आणि आज रविवारी सकाळी मालकांनी रुपालीच्या हातात किल्ली दिली. म्हणाले, "हिला कोयनेला घेऊन जा. त्या माणसाला मी चहा पाजत बसतो."

म्हटलं, संजय काय म्हणंल. "म्हणू दे," म्हणाले.

तर अशी मी हितं शांतीच्या उशाशी. तुमी आलाय तिची इचारपूस कराय आणि माझंच ऐकत बसलाय. जीप आज न्हाई तर पुढच्या आठवड्यात जाईल, पोरगा काय सोडायचा न्हाई, मग मी परत मळ्यात आणि ही फोनवर, ते मला ठावं हाय. रुपाली भाईरनं म्हणती, आत्याबाई, निघाय पायजे, घाटात अंधार नको. व्हय म्हणते. पर शांतीनं माझं बोट धरलंय, झोपेत बी सोडंना. रुपाली, पोरी, तुझ्या हातातलं चाक जल्मभर तुझं ऐकू दे, तू म्हणशील तिकडं वळू दे. पण आता जरा बस गं. बस आजून.