पाणी घातलेलं दूध

(सकाळ. दूध संस्थेचं संकलन केंद्र. बंकटनं साखराबाईची किटली माघारी सरकवलीय.)

साखराबाई : कावून माघारी? परत लाव मशिनीला.

बंकट : तीनदा लावलं, मावशी. डिग्री बसत न्हाई. दुधात पाणी हाय.

साखराबाई : पाणी? अरं, गेवराईत आठ दिवसाला टँकर येतो. घागरभर पाण्यासाठी बाया एकमेकीच्या झिंज्या धरायल्यात, अन् मी ते दुधात वतीन?

बंकट : मी न्हाई म्हनत, मशीन म्हनती.

साखराबाई : मशिनीला तोंड न्हाई. तू म्हनलास, समद्या रांगंदेखत.

बंकट : मग काय करू? संस्थेचा सचिव हाय मी. तुमची किटली कॅनमधी वतली अन् वर दूध संघानं अख्खा कॅन माघारी धाडला, तर साठ सभासदांचं दूध नासंल. चेअरमन मला ठेवतील का?

साखराबाई : अन् माझं? शेत न्हाई, शिवार न्हाई. घरामागं पत्र्याखाली दोन म्हशी, तेवढीच माझी शेती. तू दूध बंद केलं की संस्थेची पेंड बी बंद.

बंकट : नियमच हाय तो. दोनदा भेसळ सापडली की सभासदत्व जातं. तुमची ही दुसरी खेप.

साखराबाई : भेसळ म्हनू नगंस, बंकट. धनगराची लेक हाय मी. दुधाशी बेइमानी आमच्यात कुनी केली न्हाई.

बंकट : मागं रांग हाय, मावशी. किटली उचला.

साखराबाई : न्हाई उचलत. आज संध्याकाळी तू ये. धार तू काढ, तुझ्या हातानं, तुझ्या भांड्यात. तरी बी हीच डिग्री आली तर?

बंकट : अन् चांगली आली तर?

साखराबाई : तर माझं नाव मीच काटते.

(संध्याकाळ. साखराबाईचा गोठा. बंकटच्या गुडघ्यांत बादली.)

साखराबाई : सड कोरड्या फडक्यानं पूस. न्हाईतर म्हनशील, पाणी तिथून आलं.

बंकट : लई वाळल्यात म्हशी. काय घालता?

साखराबाई : उसाचं वाळलेलं वाढं. अन् मंडई उठली की कोबीचा पाला येचून आनते. हिरवा चारा दिवाळीपासून डोळ्यानं बघितला न्हाई.

बंकट : बास झालं. थांबा, लॅक्टोमीटर सोडतो.

साखराबाई : ...बोल की.

बंकट : तीच हाय. सकाळच्यापेक्षा जरा कमीच.

साखराबाई : आता कुनी घातलं पाणी?

बंकट : कुनीच न्हाई. जनावर उपाशी हाय, म्हनून दूध पातळ पडतंय.

साखराबाई : हे उद्या रांगंदेखत बोल.

बंकट : बोलतो. सभासदत्व राहील, पेंड बी मिळंल. चेअरमनशी मी भांडतो. पन मावशी, दूध... दूध मला घेता यायचं न्हाई. संघ ह्याला पाणीच म्हननार.

साखराबाई : मग वतून देऊ?

बंकट : स्टँडावरल्या हॉटेलवाल्याला सांगतो. चहापुरतं घील. पेंड पोटात गेली की महिन्याभरात डिग्री सुधारंल.

साखराबाई : महिनाभर. बरं. तेवढी कळ काढते.

बंकट : मावशी, मागल्या हप्त्यात छबुबाईचं दूध मी असंच माघारी धाडलं. दोनदा. काल तिनं म्हैस बाजारात नेली म्हनं.

साखराबाई : माझ्या दारावरनंच नेली.

बंकट : तिचं बी असंच असंल का?

साखराबाई : मला काय ठावं? तिच्या गोठ्यात धार काढायला तू कुठं गेलतास.