मधलं अक्षर

(दक्षिण तैवान, मेइनोंग. चुंग घराण्याच्या जुन्या घरात हाक्का समाजाचं संस्कृती केंद्र होतंय. दारावर घराच्या नावाची नवी पाटी, तिला शिडी लावलेली. खिनमोय ही घराची जुनी मालकीण, येन हा केंद्राचा व्यवस्थापक.)

येन : आजी, आधी खाली उतरा बघू! ऐंशीला टेकलात, शिडीवर कसल्या चढताय?

खिनमोय : पडले तर माझ्याच उंबऱ्यावर पडेन. तो पेचकस दे.

येन : पाटी काढायची नाही. ताइपेहून करून आणलीय. उद्या उद्घाटन आहे.

खिनमोय : वाच ती.

येन : यिंग, छुआन, थांग. यिंग-छुआन हे चुंगांचं मूळ गाव, थांग म्हणजे पूर्वजांचं दालन. बरोबर तर आहे!

खिनमोय : दुसऱ्या कुणाच्या दारावर असेल बरोबर. आमच्या भागातल्या हाक्कांच्या दारावर ते दालनाचं अक्षर मधोमध बसतं, शेपटाला नाही. आजेसासऱ्यांपासून तसंच आहे.

येन : तपासणाऱ्यांना वाटलं, जुन्या पाटीवर क्रम चुकलाय. म्हणून सुधारला.

खिनमोय : सुधारला! घर जपायला दिलं होतं रे, शहाणं करायला नाही. एकेक कौल मोजलंत, आणि नावच मोडून ठेवलंत. जुनी पाटी कुठाय?

येन : मागच्या खोलीत, गोणपाटात. पण आजी, एका अक्षराची जागा बघतंय कोण?

खिनमोय : मी बघते. सात वर्षांची असताना शाळेत सरकारी भाषा सोडून आपली हाक्का बोलले, तर गुरुजींनी गळ्यात पाटी अडकवली. 'मी यापुढे शुद्ध बोलेन.' भर बाजारातून तशीच घरी चालत आले. लोक हसले. आईसुद्धा ती काढायला घाबरली.

येन : हे... मला ठाऊक नव्हतं.

खिनमोय : गुरुजी काही दुष्ट नव्हते. तेही सुधारतच होते.

येन : मला वरून बोलणी बसतील हो.

खिनमोय : सांग, म्हातारी ऐकेना. खोटं नाही बोलावं लागणार.

येन : उतरा खाली.

खिनमोय : तुला एकदा सांगितलं ना—

येन : वरच्या पेचापर्यंत तुमचा हात पोचत नाहीये. उतरा, मी चढतो. शिडी तेवढी घट्ट धरा.

खिनमोय : धरली. पेच भलतीकडे फिरवू नकोस. ...हं, आली. ठेव भिंतीशी, तोंड आत करून. आता जुनी आण.

येन : आणतो. ते मधलं अक्षर, तुमच्या बोलीत काय म्हणता?

खिनमोय : थोंग.

येन : थोंग.

खिनमोय : मोठ्यानं म्हण की. आता कोण पाटी अडकवतंय गळ्यात!