बासरीसाठी पहिली रांग

जुन्या गाण्याच्या कार्यक्रमाले आता मले कोणी बोलावूच नका बाप्पा! आमचे साडू विलासभाऊ रिटायर झाल्यापासून कराओके क्लब चालवतात. परवा सीताबर्डीच्या एका हॉलमध्ये त्यांनी जुन्या जमान्यातल्या एका संगीतकाराच्या आठवणीत कार्यक्रम ठेवला. हा संगीतकार म्हणजे माझा जीव की प्राण. त्याच्या एका गाण्यात मुखडा संपला की बासरी येते, अशी की हातातला चहा थंडा होऊन जाते. त्या बासरीसाठी मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

गाणं लागलं. मुखडा झाला, मी डोळे मिटले, अन् गाणाऱ्या बाईनं एकदम अंतराच धरला! बासरी गायब. पुढच्या गाण्यात सतार गायब, त्याच्या पुढच्यात व्हायोलिन.

मी उठून विलासभाऊले गाठलं. "भाऊ, मधलं म्युझिक कुठं गेलं?"

"कापलं ना गा! गाणारे ढीगभर, अन् हॉल नऊपर्यंतच. म्युझिक वाजते तेव्हा गाणारा नुसता उभा राहून काय करन?"

"अहो, पण त्या माणसानं जन्मभर तेच तर केलं! त्याच्याच कार्यक्रमात त्याचंच काम कापलं?"

विलासभाऊ उलटे माझ्यावरच भडकले. "काहून डोकं खाऊन राहिला गा? स्टेजवर एवढा मोठा फोटो लावला त्याचा, हार घातला, दिवा लावला. आता वाजवूही द्यायचं का त्याले?"