मोखाडा स्टँडवर वाजलेल्या मोठ्या ड्रमबाबत

दिनांक २६ जानेवारी २०२६, दुपारी २ वाजून १० मिनिटे. ठिकाण पोलीस ठाणे, मोखाडा.

मी नवशी दिपेश दोरे, वय ३२ वर्षे, धंदा अंगणवाडी सेविका, रा. पोशेरा, ता. मोखाडा, जि. पालघर. समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी पती, सासू व एक मुलगी यांच्यासह राहते. माझे माहेरही पोशेऱ्यातच आहे. बाबल्या झुगरे, वय ६१, धंदा शेती, हे माझे वडील. त्यांनी शाळेचा ड्रम चोरल्याची तक्रार आली आहे, म्हणून मला बोलावले.

आज सकाळी झेंडावंदनानंतर मैदानावर शाळांच्या बँड पथकांची स्पर्धा झाली. ती ११ वाजता संपली. माझी मुलगी कोणत्याही बँडमध्ये नाही. तरी आम्ही दर वर्षी जातो. वडिलांनी २००८ पासून एकही स्पर्धा चुकवलेली नाही. त्यांना कोणतेही वाद्य वाजवता येत नाही.

निकालानंतर आम्ही स्टँडसमोरच्या टपरीवर चहाला बसलो. तेथे जव्हारचे लक्ष्मण गुरुजी, वय ६८, निवृत्त कवायत शिक्षक, हेही होते. ते पूर्वी या स्पर्धेचे परीक्षक होते. ते व वडील दर वर्षी तेथेच बसतात आणि आजवरचा सगळ्यात चांगला बँड कोणता यावर बोलतात. त्याला भांडण म्हणता येणार नाही. एका वर्षी चहाचा ग्लास फुटला होता.

गुरुजी म्हणाले, "२०१४ चा जव्हारचा बँड. एकवीस पोरं, पण वळताना एक ओळ वाकली नाही."

वडील म्हणाले, "वळले सरळ, पन वाजवलं काय? त्यापरीस लग्नातला बँडवाला बरा. २००८ च्या आमच्या पोरी. तशा कोनी चालल्या नाय."

सदर २००८ च्या बँडमध्ये मी होते. आश्रमशाळेच्या आम्ही बारा मुली होतो व मोठा ड्रम माझ्याकडे होता.

गुरुजी म्हणाले, "तुझी पोरगी मध्येच थांबली, बाबल्या. आठ पावलं ड्रम वाजलाच नाही. मी मार्क कापले, दुसरा नंबर दिला. आजही कापीन."

वडील म्हणाले, "थांबली नाय. ते तसं बशिवलेलं होतं. मुद्दाम."

हे वडिलांचे अठरा वर्षांपासूनचे म्हणणे आहे. मी त्यावर आजपर्यंत काही बोलले नव्हते.

गुरुजी म्हणाले, "बसवलेलं होतं तर आता करून दाखवा. पोरी इथंच आहेत."

माझ्या बँडमधल्या फागी, गौरा व मालू शेजारी भजी खात होत्या. फागी म्हणाली, "साडीत कसं चालायचं?" पण सगळ्यांत आधी तीच उठली. जवळ एका शाळेचा टेम्पो उभा होता. वडिलांनी त्यातला मोठा ड्रम उचलला व माझ्या गळ्यात घातला. विचारले होते का, तर टेम्पोत कोणी नव्हते. वडील "घेतो हां" असे मोठ्याने म्हणाले. कोणाला म्हणाले ते मला माहीत नाही.

११.४० ते ११.५५ या वेळेत आम्ही चौघी स्टँडपासून वळणापर्यंत व परत अशा चाललो. जमले नाही. मी ड्रम थांबवला की तिसऱ्या पावलाला गौराचा उजवा आणि मालूचा डावा पाय पडे. चार वेळा केले. जव्हारची एसटी आमच्या मागे अडकली होती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. हॉर्न ठेक्यात नाही, असे गुरुजींनी त्याला खाली उतरवून समजावले.

त्याच वेळेत टेम्पोबरोबर आलेले शिक्षक प्रसाद सर ड्रम चोरीला गेल्याचे सांगण्यास ठाण्यात गेले होते. त्यांची तक्रार लिहून घेताना ड्रम ठाण्यापर्यंत ऐकू येत होता, असे हवालदार सुनिता मॅडमनी मला सांगितले. मॅडम आल्या तेव्हा ड्रम माझ्या गळ्यात होता. वडील पुढे हात हलवत चालत होते.

मॅडमनी आम्हा सर्वांना ठाण्यात आणले. तेथे बाकावर बसूनही वडील व गुरुजी त्याच विषयावर बोलत होते. वडील म्हणाले, "आज साडीमुळं बिघडलं. तवा मुद्दामच केलं होतं. हिलाच इचारा." मॅडमनी मला विचारले.

मी सांगते की, ते मुद्दाम नव्हते. त्या वर्षी वडील दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले होते. मुकादम सोडत नाही, स्पर्धेला येणार नाही, असा त्यांचा निरोप होता. संचलन चालू असताना ते मला मैदानाच्या कडेला दिसले. पायांना भट्टीची माती तशीच होती. माझे हात थांबले. बाकीच्या अकरा जणी चालत राहिल्या, कोणी वळून पाहिले नाही. आठ पावलांनंतर मी पुन्हा वाजवू लागले. दुसरा नंबर माझ्यामुळे आला. याबाबत मला अधिक सांगायचे नाही.

एवढे लिहून झाल्यावर मॅडमनी ते मोठ्याने वाचले.  वडील गुरुजींना म्हणाले, "मंग तर आनखीच भारी बँड की. बशिवलेलं कोनी बी करल. ह्यांना कोनी सांगितलं नव्हतं, तरी अकरा जनींचा पाय एक पडला."

गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते म्हणाले, "म्हणजे एकीच्या हातांमुळे मी अकरा जणींच्या पायांचे मार्क कापले. पहिला नंबर द्यायला हवा होता." मग म्हणाले, "२०१४ चा बँड तरीही चांगलाच होता." वडिलांनी मान्य केले.

प्रसाद सरांनी ड्रम तपासून पाहिला व तक्रार नाही असे लिहून दिले. ती आठ पावले त्यांच्या मुलांना शिकवाल का, असे त्यांनी मला विचारले. मला येत नाही, असे मी सांगितले. तरी शनिवारी या म्हणाले. फागी, गौरा व मालू यांनाही घेऊन जाणार आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. वरील मजकूर मला पूर्ण वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. वडिलांच्या विनंतीवरून "मैदानाच्या कडेला दिसले" हा भाग दुसऱ्यांदा वाचण्यात आला. तोही बरोबर आहे.

सही
नवशी दिपेश दोरे